चालू न होणारी पाटी
(पापडी येथे वसई तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



आज मला जो विषय नेमून देण्यात आला आहे तो ऐकून आपल्यापैकी काहींना किंचित हसू आले असेल. वाचनसंस्कार, गणिताची गोडी, मुलांची उपस्थिती अशा थोर विषयांच्या पंक्तीत 'टॅबलेट सुरू होत नाही, काय करावे?' हा प्रश्न अगदीच किरकोळ दिसतो. तथापि गेल्या काही वर्षांत ज्या ज्या शाळेत जाण्याचा योग आला तेथे एक दृश्य मी वारंवार पाहिले. मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाट उघडावे, तर खालच्या खणात जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्याशेजारी एक टॅबलेट निजलेला असतो. विचारावे, तर उत्तर ठरलेले : "बंद पडला आहे, गुरुजी." कधीपासून? "दिवाळीच्या सुट्टीपासून." झाले काय? "चालूच होत नाही." येथे चौकशी संपते आणि कपाट पुन्हा बंद होते.

माझा अनुभव असा की, अशा रीतीने मृत ठरविलेल्या टॅबलेटांपैकी पुष्कळसे मेलेले नसतात. ते उपाशी असतात किंवा अर्ध्या वाटेवर अडकलेले असतात. त्यांना जागे कसे करावे आणि जागे करण्याच्या घाईत कोणती चूक टाळावी, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

शाळेला मिळालेली वस्तू कपाटात राहणे हा काही नवा रोग नव्हे. १९८७ साली खडू-फळा योजना सुरू झाली, त्या वेळी शाळाशाळांतून साहित्याच्या पेट्या आल्या. वस्तू मोडली तर जडसंग्रह नोंदवहीत तिचा जाब कोण देणार, या धास्तीने कित्येक ठिकाणी ते साहित्य पेटीतच जपले गेले. पेटी राखली गेली. ज्या मुलांसाठी ती आली होती ती मुले मात्र शाळा सोडून मोठी झाली. टॅबलेटच्या बाबतीत ही धास्ती अधिक हानिकारक आहे. भिंग पेटीत दहा वर्षे राहिले तरी भिंगच राहते. टॅबलेटमधील बॅटरी मात्र न वापरता ठेवली म्हणजे हळूहळू निकामी होत जाते. जपून ठेवण्यानेच तो नष्ट होतो.

ही साधने आपल्या राज्याला अपरिचित नाहीत. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने 'आकाश' हा अल्पमोली टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी जाहीर केला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या 'आकाश २' च्या कामात पवईच्या आय. आय. टी. चा मोठा वाटा होता. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा श्री. संदीप गुंड या शिक्षकांच्या खटपटीमुळे डिजिटल शाळा म्हणून महाराष्ट्रभर ओळखली गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत शहापूर आणि आपली वसई ही एकाच ठाणे जिल्ह्याची लेकरे होती. म्हणजे हे काम आपल्या अंगणातलेच आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, त्या वेळी तर ज्या मुलाच्या हाती चालू स्थितीतील यंत्र होते त्याचीच शाळा चालू राहिली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. टॅबलेट सुरू होण्याच्या क्रियेस 'बूट होणे' म्हणतात. या शब्दाचा संबंध पायातील बुटाशीच आहे. बुटाला मागे जी पट्टी असते ती ओढून माणसाने स्वतःलाच वर उचलावे, अशी इंग्रजीत एक गमतीची कल्पना आहे. यंत्रही काहीसे तसेच करते. स्वतःच्या आत असलेल्या अगदी लहानशा सूचनेच्या आधाराने ते आपला पुढचा सारा संसार उभा करते.

आपल्या शाळेच्या सकाळीची उपमा घेऊ. प्रथम किल्लीवाला येऊन फाटक उघडतो. त्याला फारसे काही ठाऊक नसते. फाटक कोठे आहे एवढेच त्यास माहीत. मग कोणीतरी वर्गांची दारे उघडतो आणि सर्व ठीक आहे ना, हे पाहतो. नंतर मुख्याध्यापक येतात, घंटा होते आणि कामांची वाटणी होते. शेवटी मुले वर्गात बसतात. टॅबलेटमध्येही हाच क्रम आहे. बटण दाबताच चकतीत कायमची कोरलेली एक छोटी सूचना जागी होते. ती 'बूटलोडर' नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीस हाक मारते. ती तपासणी करून 'कर्नल' या मुख्य कारभाऱ्यास बोलाविते. आणि मग अँड्रॉइडचा पडदा व आपले धडे दिसू लागतात. अँड्रॉइडमधील हा कारभारी म्हणजे लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिण्यास घेतलेला 'लिनक्स' होय.

हा क्रम सांगण्याचे कारण असे की, शाळा भरली नाही तर आपण प्रथम विचारतो, फाटक उघडले होते काय? घंटा झाली होती काय? तसेच टॅबलेटला विचारावे. 'चालू होत नाही' हे वाक्य निदानास पुरेसे नाही. वैद्याकडे जाऊन 'बरे वाटत नाही' एवढेच सांगण्यासारखे ते आहे. पडद्यावर नेमके काय दिसते ते पाहावे. त्याचे चार प्रकार आहेत.

पहिला : काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही. दुसरा : चार्जर लावल्यावर बॅटरीचे चित्र येते, पण पुढे काही होत नाही. तिसरा : कंपनीचे नाव किंवा चिन्ह दिसते आणि तेथेच थांबते, किंवा तेच पुनःपुन्हा येत राहते. चौथा : पडदा काळा आहे, परंतु आवाज येतो किंवा यंत्र हातात थरथरते. हा चौथा प्रकार फसवा आहे. येथे टॅबलेट पूर्णपणे सुरू झालेला असतो. बिघाड असतो तो पडद्याचा अथवा पडद्यामागील दिव्याचा. अंधारात तिरप्या बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. पुसट चित्र दिसले तर दिव्याचा दोष जाणावा. हे काम दुरुस्ती करणाराचे आहे, आपले नव्हे.

पहिल्या दोन प्रकारांत संशय प्रथम विजेवर घ्यावा. लिथियम बॅटरीचा एक घट पूर्ण भरला असता सुमारे ४.२ व्होल्ट दाब दाखवितो आणि ३ व्होल्टच्या आसपास आला की रिता समजला जातो. टॅबलेट बंद असला तरी बॅटरी किंचित किंचित झिजत असते. दिवाळीची सुट्टी, मग परीक्षा, मग मे महिना असे करीत ती फारच खाली गेली म्हणजे तिच्या रक्षणासाठी बसविलेली यंत्रणा तिचा संबंधच तोडते. अशा वेळी चार्जर लावून दोन मिनिटांत बटण दाबले तर काहीही होत नाही, आणि आपण निर्णय देऊन मोकळे होतो. वस्तुतः अतिशय रित्या बॅटरीला प्रारंभी फार थोडा प्रवाह दिला जातो. उपाशी माणसास प्रथम पेज द्यावी तसे. म्हणून किमान अर्धा तास, आणि यंत्र महिनोन् महिने पडून असेल तर तीनचार तास, ते चार्जरला लावून ठेवावे व मगच बटणास हात लावावा. मात्र ते आपल्या डोळ्यांसमोर असावे; रात्रभर कुलूपबंद खोलीत लावून जाऊ नये.

चार्जरही पारखून घ्यावा. ५ व्होल्ट व २ अँपियरचा चार्जर ६००० मिलिअँपियर-तासांची बॅटरी साधारण तीन-साडेतीन तासांत भरतो. तीच बॅटरी संगणकाच्या साध्या खाचेतून, अर्ध्या अँपियरने, भरू लागलो तर बारा तासही पुरत नाहीत. आणि त्याच वेळी पडदा चालू असेल तर भरण्यापेक्षा खर्चच अधिक. म्हणून क्रमाने एकेक वस्तू बदलावी. आधी भिंतीवरील प्लग बदलावा, नंतर वायर, नंतर चार्जर. तिन्ही एकदम बदलले तर दोष कोणात होता हे कळत नाही आणि सदोष वायर पुन्हा दुसऱ्या टॅबलेटच्या नशिबी येते.

आपण वसईकर समुद्राकाठी राहतो. पापडीपासून किल्ल्यापर्यंत आणि मिठागरांपर्यंत हवेत खार आहे. दाराच्या कड्या जशा गंजतात तशी चार्जरची टोकेही मळतात. त्यांवर हिरवट थर धरतो. टॅबलेटच्या खाचेत खडूची भुकटी आणि दप्तरातील धूळ बसते, त्यामुळे वायर पुरती आत जात नाही. टॅबलेट बंद करून कोरड्या लाकडी काडीने ती खाच हलकेच साफ करावी. टाचणी, सुई, कर्कटकाचे टोक यांचा उपयोग कदापि करू नये.

वीज व्यवस्थित पोहोचत आहे, तरीही पडदा काळाच असेल, तर यंत्र झोपेतच गोठले आहे असे समजावे. चालू करण्याचे बटण सुमारे दहा ते तीस सेकंद सलग दाबून ठेवावे. काही यंत्रांत त्याच्या जोडीस आवाज कमी करण्याचे बटणही दाबावे लागते. हे म्हणजे यंत्राला हलवून जागे करणे होय. यात आतील कोणतीही नोंद पुसली जात नाही. म्हणून हा उपाय निःशंकपणे करावा.

आता तिसरा प्रकार, म्हणजे चिन्हावर अडकणे. याचा अर्थ फाटक उघडले आहे, घंटाही झाली आहे, परंतु मुले वर्गात बसू शकत नाहीत. येथे वीज दोषी नसते. आतील मांडणीत गोंधळ असतो. प्रथम मेमरी कार्ड व सिम कार्ड असल्यास ती काढून पुन्हा सुरू करून पाहावे. खराब कार्डामुळे यंत्र वाचत बसते. नंतर 'सेफ मोड' वापरावा. पुष्कळ यंत्रांत कंपनीचे चिन्ह दिसताच आवाज कमी करण्याचे बटण दाबून ठेवले म्हणजे टॅबलेट केवळ मूळच्या सोयींसह उघडतो. तसा उघडला तर दोष नंतर भरलेल्या एखाद्या ॲपचा आहे. ते काढून टाकावे. साठवण गच्च भरली असेल तरीही यंत्र वाटेत अडते. जागा मोकळी करावी.

एवढ्यानेही भागले नाही तर 'रिकव्हरी' नावाची एक यादी असते. बहुतेक यंत्रांत चालू करण्याचे बटण आणि आवाज वाढविण्याचे बटण एकत्र दाबल्यास ती उघडते. आवाजाच्या बटणांनी वरखाली सरकावे आणि चालू करण्याच्या बटणाने निवड करावी. या यादीत 'वाइप कॅश पार्टिशन' अशी एक ओळ पुष्कळ यंत्रांत असते. ती निवडल्यास तात्पुरता कचरा जातो; मुलांचे काम जात नाही. परंतु तिच्या अगदी जवळच 'वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट' अशी दुसरी ओळ असते. बंधुभगिनींनो, या दोन ओळींमधील अंतर पडद्यावर बोटभर आहे. प्रत्यक्षात ते किती आहे हे सांगण्यासाठी मला माझ्याच एका चुकीची कथा सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातील एका शाळेत मी गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता. टॅबलेट चिन्हावर अडकला होता. मला त्यातले थोडेबहुत कळते अशी कीर्ती होती आणि त्या कीर्तीचा मला थोडा अभिमानही होता. बाईंनी टॅबलेट हाती दिला. चौथीची मुले भोवती जमली. मुलांसमोर यंत्र झटकन सुरू करून दाखवावे असा मोह मला झाला. त्यात काय साठविले आहे, हे मी विचारले नाही. सरळ शेवटची ओळ निवडली. पाच मिनिटांत टॅबलेट लख्ख सुरू झाला, नव्यासारखा. मी तो मुलांपुढे धरला.

एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, यात माझ्या आजीचा आवाज होता."

तेव्हा बाईंनी सांगितले. वर्षभर मुलांनी आपापल्या घरातील वृद्धांचे कादोडी बोलीतील शब्द ध्वनिमुद्रित केले होते. केळीच्या बागेतील, रहाटाच्या विहिरीवरील, चुलीजवळचे असे ते शब्द होते. जे आता नातवंडांच्या तोंडी येत नाहीत. त्या मुलीची आजी पावसाळ्यात निवर्तली होती. ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत कोठेही नव्हती. अलीकडील टॅबलेट आपली साठवण कूटरूपात ठेवतात. एकदा ते मूळ स्थितीत नेले की पुसलेले परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते. मी चौकशी केली, पुष्कळ ठिकाणी केली. व्यर्थ. नंतर लक्षात आले की त्या ध्वनिमुद्रणांनीच साठवण गच्च भरली होती आणि म्हणूनच तो टॅबलेट अडला असावा. ज्या गोष्टीमुळे तो मौल्यवान झाला होता, तीच मी कचरा म्हणून झाडून टाकली.

त्या मुलीने मला दोष दिला नाही. तिने फक्त टॅबलेट परत बाईंच्या टेबलावर ठेवला. हे विसरणे मला अद्याप जमलेले नाही.

म्हणून माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. फॅक्टरी रीसेट हा उपाय सर्वांत शेवटी, आणि तोही तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर करावा. यात मुलांचे काय आहे? त्याची प्रत अन्यत्र आहे काय? आणि यात कोणाचे गुगल खाते नोंदविले आहे? हा तिसरा प्रश्न अनेकांच्या ध्यानात येत नाही. रिकव्हरीतून यंत्र पुसल्यावर ते आधीच्या खात्याचा परवलीचा शब्द मागते. ते खाते बदली होऊन गेलेल्या शिक्षकांचे खासगी असेल तर चांगला टॅबलेट कुलूप लावल्यासारखा होतो. यास्तव टॅबलेटवर शाळेच्या नावाचेच खाते असावे आणि त्याचा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या ताब्यात, कार्यभाराच्या कागदपत्रांसोबत असावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' असे आले, तर हात आखडता घ्यावा व टॅबलेट जाणत्या दुरुस्ती करणाराकडे द्यावा. बंद टॅबलेट आणखी महिनाभर बंद राहिल्याने काही बिघडत नाही.

दोन प्रसंगी मात्र वरीलपैकी एकही उपाय करू नये. टॅबलेटची पाठ फुगलेली दिसली, पडदा चौकटीतून वर उचलला गेला असेल, तर ती बॅटरी फुगली आहे असे जाणावे. ती चार्जरला लावू नये, दाबू नये, टोचू नये. तिला आग लागू शकते. मुलांपासून दूर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून लगेच वर कळवावे. दुसरा प्रसंग पाण्याचा. २०१८ च्या जुलैत वसई-विरार परिसर पाण्याखाली होता आणि वीजही गेली होती, ते दिवस आपणांस आठवत असतील. भिजलेला टॅबलेट 'चालतो का पाहू' म्हणून सुरू करणे हेच त्याचे मरण आहे. बंद ठेवावा, पुसावा, वाऱ्यावर पुष्कळ काळ वाळवावा आणि दुरुस्ती करणाराकडे पाठवावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याने पाणी निघत नाही, उलट भुकटी आत शिरते.

शेवटी काही नित्याचे नियम. सुट्टी लागण्यापूर्वी बॅटरी निम्मी भरलेली ठेवून टॅबलेट बंद करावा. पूर्ण भरलेली अथवा पूर्ण रिकामी नको. मेच्या उन्हात पत्र्याखाली ठेवू नये. सुट्टीत महिन्यातून एकदा तो उघडून पाहावा. दर शनिवारी मुलांच्या कामाची प्रत संगणकावर किंवा वेगळ्या कार्डावर काढावी. ही जबाबदारी चौथी-पाचवीच्या दोन मुलांवर पाळीने सोपविली तर ती अत्यंत निष्ठेने पार पाडतात, असा अनुभव आहे. आणि टॅबलेटसाठी एक साधी वही करावी. तारीख, पडद्यावर काय दिसले, काय करून पाहिले, काय झाले. दुरुस्तीच्या पत्रात 'बंद आहे' एवढेच न लिहिता या वहीतील नोंद लिहावी. दुरुस्ती करणाराचा निम्मा वेळ वाचेल.

ही वही मुलांसमोर लिहावी अशी माझी सूचना आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, परिणाम पाहणे, तो लिहून ठेवणे आणि जे परत आणता येत नाही त्यास सर्वांत शेवटी हात लावणे, ही विज्ञानाची रीत आपण पुस्तकातून शिकवितो. बंद टॅबलेट ती प्रत्यक्षात शिकविण्याची संधी देतो. लिथियम बॅटरीच्या शोधाबद्दल २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील जॉन गुडइनफ यांचे वय त्या वेळी ९७ वर्षे होते. एवढ्या खटपटीने सिद्ध झालेली वस्तू आपल्या कपाटात मुक्याने निजावी, हे बरे नव्हे.

उद्या शाळेत गेल्यावर कपाटाचा तो खालचा खण उघडावा. टॅबलेट चार्जरला लावावा आणि अर्धा तास धीर धरावा. तो जागा झाला तर प्रथम त्यात कोणाचा आवाज आहे हे ऐकावे, त्याची प्रत काढावी, आणि मगच पुढचा धडा सुरू करावा.